सुपेल्याचा रविवार आणि पंचेचाळीसच्या तबकड्या

दुर्गला एन.सी.सी. बटालियनमध्ये पोस्टिंग निघाली तेव्हा युनिटमधल्या पोरांनी माझं अभिनंदन केलं. तोफखान्यातल्या माणसाला एन.सी.सी. म्हणजे आराम, असा सगळीकडे समज आहे. तो फारसा खोटाही नाही. सकाळी ग्राउंड, कॉलेजच्या पोरापोरींची ड्रिल, वर्षाकाठी काही कॅम्प, आणि रविवार बऱ्याचदा मोकळा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मोकळा रविवार ही चीज मला फारशी माहीत नव्हती. पहिले दोन रविवार मी कपडे धुण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "साब, सुपेला देखा कि नहीं?" त्यानंतरची दोन वर्षं रविवार सुपेल्यातच गेला.

भिलाई म्हटलं की लोकांना पोलाद कारखाना आठवतो. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रेल्वे लाइनच्या दक्षिणेला कारखान्याची वसाहत आहे. आखलेले सेक्टर, सरळ रस्ते, दाट झाडं, एका साच्यातली क्वार्टर्स. लाइनीच्या उत्तरेला जी.ई. रोड, म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता, आणि त्याच्या कडेने आपल्या मनाने वाढलेलं सुपेला. छावणी आणि छावणीबाहेरचा सदर बाजार हे नातं फौजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथेही तेच आहे. लाइनीच्या तिकडे सगळं शिस्तीत, आणि जे शिस्तीत बसत नाही ते लाइनीच्या इकडे.

रविवारी सुपेल्यात रस्त्यावरचा बाजार भरतो. कपडे, चपला, प्लास्टिकच्या बादल्या, चादरी. चालायला जागा नसते. या गर्दीच्या एका टोकाला जुन्या वस्तूंची पथारी असायची. मिक्सरची भांडी, कुकरची झाकणं, पंख्याचे रेग्युलेटर, रेडिओचे सांगाडे. एका पथारीवर तांदळाच्या पोत्यावर रेकॉर्ड उभ्या लावलेल्या दिसल्या आणि मी तिथेच उकिडवा बसलो.

नाद जुना आहे. देवळालीला होतो तेव्हा लागला. फौजेत प्रत्येक जण काहीतरी गोळा करतो. कुणी अक्रोडाच्या लाकडाचे डबे, कुणी शाली, कुणी प्रत्येक युनिटचा मग. मी सात इंची तबकड्या गोळा करतो. कारण अगदी व्यवहारी आहे. दर दोन-तीन वर्षांनी सगळा संसार एका काळ्या पेटीत आणि एका बिस्तऱ्यात बसवायचा असतो. बारा इंची एल.पी. पेटीत मावते, पण कोपऱ्याला लागून वाकते. जुनी ७८ ची रेकॉर्ड दोनशे ग्रॅमच्या वर भरते आणि पेटी जरा आपटली की तिचे दोन तुकडे. सात इंची प्लास्टिकची तबकडी मात्र सुमारे चाळीस ग्रॅमची. साठ तबकड्या म्हणजे फार तर दोन जोडी बुटांचं वजन.

वर्गवारीही सांगून टाकतो, कारण निवृत्त मंडळींपैकी काहींनी मागे विचारलं होतं. अमेरिकेत आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने १९४९ साली ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी बाजारात आणली, एका बाजूला एक गाणं. तीच ‘सिंगल’. पोरांच्या खिशाला परवडणारी, चहाच्या हॉटेलातल्या जूकबॉक्समध्ये बसणारी. तिच्या मधलं भोक दीड इंचाचं. आपल्याकडे हीच तबकडी आली तेव्हा भोक बारीक राहिलं, आणि बहुतेक वेळा एका बाजूला दोन अशी चार गाणी बसवली गेली. तिला आपण ई.पी. म्हणतो. दुकानदार आणि लाऊडस्पीकरवाले मात्र तिला ‘पंचेचाळीसची’ म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. एच.एम.व्ही., ओडियन, कोलंबिया, एंजल अशी लेबलं वेगवेगळी दिसतात, पण आपल्याकडे ती सगळी दमदमच्या एकाच ग्रामोफोन कंपनीची. १९७० च्या सुमारास पॉलिडोर आली तेव्हा कुठे तिला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला.

सुपेल्याच्या त्या पोत्यावर मला काय काय मिळालं? हिंदी सिनेमाच्या ढीगभर. उषा उथुप यांनी उषा अय्यर या नावाने गायलेली इंग्रजी गाणी. १९६८ साली त्यांनी एच.एम.व्ही.साठी ‘जंबलाया’ आणि ‘ग्रीनबॅक डॉलर’ गायली होती, आणि कांजीवरम साडीतल्या बाईने गायलेलं ते पॉप ऐकायला आमचे कॅडेटही थांबले असते. काही ७८ च्या, बहुतेक तडकलेल्या. आणि मराठी. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मराठी.

तसं आश्चर्य वाटायला नको होतं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता. गोंदिया-भंडाऱ्याची माणसं कामाला भिलाईला आली ती काही परदेशात आली नव्हती. गाडीत बसलं की चार-पाच तासांत नागपूर. सुट्टीला गेलं की सीताबर्डीवरून साडी, संत्राबर्फी आणि एखादी रेकॉर्ड. मराठी भावगीताची रेकॉर्डवरची सुरुवातसुद्धा नागपूरशी जोडलेली आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात तबकडीवर गाणारे गोविंदराव जोशी नागपूरला शिकलेले वकील होते, आणि पुढे वकिली सोडून एच.एम.व्ही.त अधिकारी झाले.

७८ च्या तबकड्या मी घेत नाही, पण हातात घेऊन बघतो जरूर. त्या लाखेच्या असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. कुसुम, बोर आणि पळसाच्या फांद्यांवर एक कीडा चिकटून बसतो, त्याचा राळेसारखा स्राव म्हणजे लाख. आणि लाखेचं पीक घेणाऱ्या देशातल्या मोठ्या मुलखांपैकी एक म्हणजे हेच छत्तीसगड. म्हणजे जगभरातले गवई निम्मं शतक ज्या मालावर गायले त्याचा बराचसा भाग आपल्या जंगलांतून गेला. म्हणून सांगतो, घरात जुनी ७८ ची असेल तर तिला स्पिरिटने पुसू नका. स्पिरिट लाख विरघळवतो. सुताराचं पॉलिश त्याचंच होतं. ओलसर मऊ फडकं पुरे.

आणि त्या लाखेचा फौजेशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान पुढे सरकला, समुद्रमार्ग धोक्याचे झाले, आणि अमेरिकेत हिंदुस्थानातून जाणारी लाख तुटली. तिकडच्या सैन्याने १९४३ मध्ये जवानांसाठी स्वतःच्या रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. त्यांना ‘व्ही-डिस्क’ म्हणत. लाखेच्या रेकॉर्ड आघाडीवर पोचेपर्यंत फुटायच्या, म्हणून या व्हिनाइलच्या काढल्या. त्या वेळी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रण बंद ठेवलं होतं. तरी जवानांसाठी म्हणून कलाकार फुकट गायले. १९४९ पर्यंत ऐंशी लाखांच्या आसपास तबकड्या जगभरच्या तळांवर गेल्या. अट एकच, या रेकॉर्ड विकायच्या नाहीत. काम संपल्यावर मूळ साचे आणि उरलेल्या रेकॉर्ड नष्ट केल्या. सरकारी माल कसा ‘राइट ऑफ’ होतो ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा न फुटणारी तबकडी घराघरात पोचण्याआधी फौजेच्या पेटीत फिरून आली होती, याचं मला उगाच बरं वाटतं.

आता कानाची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय मी हे का गोळा करतो ते कळणार नाही.

फौजेतली वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या शब्दात बसवलेली असते. एस म्हणजे मन, एच म्हणजे ऐकणं, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीर, ई म्हणजे डोळे. माझं बाकी सगळं एक आहे, एच दोन आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात मी द्रासला होतो. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. त्यांतले थोडे माझ्या कानाजवळून गेले, इतकंच. धंदाच तो आहे, तक्रार नाही. लोहाराचे हात भाजतात, आमचे कान जातात.

कान जातो म्हणजे आवाज बारीक होतो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. मोठ्या आवाजाने गेलेला कान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो. ऑडिओग्रामच्या कागदावर तिथे विहिरीसारखा खड्डा दिसतो. त्या पट्ट्यात आणि त्याच्या वर स, श, फ, थ अशी बारीक व्यंजनं असतात. ती गळतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते राहतात. बायको फोनवर ‘सात’ म्हणाली की ‘हात’, हे मला पुढच्या वाक्यावरून ठरवावं लागतं. परेड ग्राउंडवर काही अडत नाही, कारण तिथे ओरडायचं काम माझं.

गाण्यात मात्र फरक पडतो. नवं गाणं लागलं की चाल येते, शब्द येत नाहीत. कुणीतरी भिंतीपलीकडे गातंय असं वाटतं. पण लहानपणी ऐकलेलं गाणं लागलं की शब्दन् शब्द येतो, स आणि श सुद्धा. डॉक्टरांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, कानात नाही येत ते, डोक्यात येतं. जे गळलंय ते तुमची आठवण भरून काढते. माझ्या लहानपणी, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, लग्न असो की जत्रा, लाऊडस्पीकरवाला आंब्याच्या झाडावर भोंगा बांधायचा. बॅटरी, आहुजाचा अँप्लिफायर आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी. आम्ही पोरं त्याच्या चटईच्या कडेला बसायचो. तो तबकडी उलटायला कुणाला तरी सांगायचा, आणि तो मान मिळावा म्हणून मारामाऱ्या व्हायच्या. त्या चटईवर जे कानात गेलं ते आता मला पुरतंय. म्हणून मी जुनीच गाणी घेतो. शौक कमी आणि गरज जास्त आहे.

यात एक फायदाही आहे. रेकॉर्डची जी बारीक खरखर ऐकून लोक नाक मुरडतात, ती मला निम्मीच ऐकू येते. त्यामुळे मुंबईच्या चोर बाजारात ज्या तबकडीकडे कुणी बघणार नाही, ती मी सुपेल्यात वीस-तीस रुपयांना बिनदिक्कत घ्यायचो. विकणाऱ्याला वाटायचं, फौजी आहे, पारख नाही.

मराठी तबकड्यांच्या पाकिटांवर निळ्या शाईत एकाच हाताने तारखा टाकलेल्या असायच्या. ‘दिवाळी १९७४’. ‘बोनस’. एकावर नुसतं ‘मुलगी’. आठ-दहा पाकिटं झाल्यावर मी विचारलं. पथारीवाला म्हणाला, "वो मराठी काका के घर से आया था साहब, टंकी वाली गली में."

मी गेलो. दार काकूंनी उघडलं. काका आत खुर्चीत होते, ऐंशीच्या आसपासचे, हाडापेराने मजबूत. मी नाव सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही. मी युनिफॉर्ममधला फोटो दाखवला, तेव्हा हसले. "बसा जी, बसा." भंडाऱ्याकडचे. बाहत्तर साली आले. सेक्टरमधली नोकरी नव्हती त्यांची. औद्योगिक वसाहतीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात, घणाच्या मशिनीवर, चौतीस वर्षं. लाल लोखंडावर यांत्रिक घण पडतो ती जागा. दोन्ही कान गेलेले. मशीन टपाटप सुरू असतं, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ बघूनच, असं ते सांगत होते. तोफेवर आम्हीही तेच करतो. आम्ही दोघे एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलत होतो, हे काकूंच्या आधी लक्षात आलं.

रेकॉर्ड का विकल्या, असं मी विचारलं.

"मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. "ठेवून काय करू जी?"

यंत्र आहे, टेबलाच्या खणात. लावलं तर बोलणं बरं ऐकू येतं, पण गाणं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हे मी आणखीही एक-दोघांकडून ऐकलं आहे. ती यंत्रं बोलणं पकडायला केलेली असतात.

फाटकापर्यंत सोडायला काकू आल्या. त्या हळू बोलत होत्या, आणि मला एक-दोनदा पुन्हा विचारावं लागलं. रेकॉर्ड विकल्या तेव्हा त्या नागपूरला मुलीच्या बाळंतपणाला होत्या. परत आल्या तर कपाटाचा खण रिकामा. "मला ऐकू येतं ना," त्या म्हणाल्या, "हे त्यांच्या ध्यानातच नाही आलं." मग थोडं थांबून, "आलं असेल. म्हणूनच विकल्या असतील. मी ऐकत बसायची आणि ते बघत बसायचे."

मी म्हणालो, तुमच्या आहेत, सगळ्या आणून देतो. त्या नको म्हणाल्या. घरात ते पाकीट दिसलं तरी त्यांना लागेल. पण तुम्ही तुमचं म्हणून घेऊन आलात, लावलंत, परत घेऊन गेलात, तर चालेल.

माझ्याकडे तोपर्यंत एच.एम.व्ही.चा फिएस्टा होता, सुटकेससारखा बंद होणारा, त्याच पथारीवरून तीनशे रुपयांना घेतलेला. सुई मात्र नवी घालावी लागली. पुढच्या रविवारी तो घेऊन गेलो. पहिल्यांदा अरुण दाते लावले, श्रीनिवास खळ्यांच्या चालीचे. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि पंजा फिएस्टाच्या पेटीवर पसरून ठेवला. डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात हात काढला.

"याच्यात काही लागत नाही," म्हणाले. "दुसरं लावा."

मी कोळीगीतांची तबकडी लावली. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, हेमंतकुमार आणि लता. हात पुन्हा पेटीवर गेला आणि या वेळी राहिला. बोटं ठेक्याला हलायला लागली. मग ते गायला लागले. आवाज जाड, सूर कुठेच नाही, पण शब्द सगळे बरोबर. गाण्याच्या अर्धी ओळ पुढे. काकू म्हणाल्या, "अहो, अजून आलं नाही ते!" त्यांनी ते ऐकलं नाही, आणि गात राहिले. तबकडी संपली तरी त्यांचं आणखी एक कडवं शिल्लक होतं.

तिथून मग व्यवस्था ठरून गेली. काका समोर असले की कोळीगीतं, लावण्या, ढोलकी ज्याच्यात आहे ते सगळं. भावगीतं, ते संध्याकाळी मारुतीला जाऊन येईपर्यंतच्या वेळात. हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नाही. मारुतीला त्यांना किती वेळ लागतो याचा मला चांगलाच अंदाज आला होता, चार गाण्यांचा. कधी ते पाच-सहा गाण्यांनी यायचे. गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यापुढे उभे असलेले मी एकदा पाहिले, हातात काही नाही, घराकडे बघत. मी पाहिल्याचं त्यांना कळू दिलं नाही.

त्या पावसाळ्यात पथारीवर एक रशियन आली. सात इंची, लेबलावर रशियन अक्षरं. पथारीवाला म्हणाला, खराब आहे, लहान पोरगी किंचाळल्यासारखा आवाज येतो, दहा द्या. तो फिएस्टा घेतला तेव्हापासून त्याला ठाऊक होतं की माझ्याकडे सगळे वेग आहेत, पण त्याच्याकडच्या यंत्रावर फक्त ४५ चालत होता. सोव्हिएत तबकड्या आकाराने सात इंची असल्या तरी ३३ फेऱ्यांच्या असतात. फोनने अक्षरं वाचली: कंपनी मेलोडिया, १९६४ साली निघालेली सोव्हिएत सरकारची रेकॉर्ड कंपनी, गायिका आल्ला पुगाचोवा, गाणं ‘आर्लेकिनो’. हे गाणं मुळात बल्गेरियाच्या एमिल दिमित्रोव यांचं. पुगाचोवाने ते १९७५ साली बल्गेरियातल्या ‘गोल्डन ऑर्फियस’ स्पर्धेत गायलं, पहिलं बक्षीस घेतलं, आणि मायदेशी एका रात्रीत मोठी झाली. सर्कशीतल्या विदूषकाचं गाणं. कुणा रशियन इंजिनिअरच्या बायकोने आणलं असेल, की इथल्या कुणाला भेट दिलं असेल, आणि चाळीस वर्षांनी ते लाइनीच्या अलीकडे तांदळाच्या पोत्यावर पोचलं.

ते मी टंकीवाल्या गल्लीत नेलं आणि ३३ वर लावलं. सर्कशीचा बँड सुरू झाला, तसा काकांचा पंजा पेटीवर. मध्ये ती बाई गाता गाता हसते, लांबच लांब. काकू म्हणाल्या, "ही हसते का रडते?" मला सांगता येईना. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, काकूंनाही नाही, काकांना तर नाहीच. किती वर्षांनी अशी वेळ आली होती की खोलीतल्या तिघांनाही सारखंच कळत होतं. काका म्हणाले, "हे पुन्हा लावा." त्या दिवशी पाच वेळा लावलं. मारुतीला कुणी गेलं नाही.

घरी बायकोला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही निवृत्त होऊन आलात की आपण टी.व्ही.चा आवाज कुणाच्या हिशोबाने ठेवायचा? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, बघा.

मार्चमध्ये मूव्ह ऑर्डर आली. तबकड्या मोजल्या, एकसष्ट. पेटीत त्या उभ्या लावायच्या, आडव्या कधीच नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी ब्लँकेट घट्ट. भिलाईच्या उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये पेटी ठेवली तर प्लास्टिक पापडासारखं वाकतं, म्हणून ती लगेजला न टाकता सीटखाली घेऊन जायची. निळ्या शाईच्या पाकिटांचं काय करायचं, हे मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, घेऊन जा, तुमच्याकडे वाजतील तरी.

शेवटच्या रविवारी निरोप घ्यायला गेलो. काका खुर्चीत नव्हते, दारातच उभे होते. हातात पाकीट.

"तो डब्बा केवढ्याचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, राहू द्या काका, तुम्हालाच ठेवून जातो. त्यांनी माझे ओठ वाचले आणि मान हलवली. फुकट नको. केवढ्याले घेतला तेवढं सांगा. मी सांगितलं. त्यांनी तीनशे रुपये मोजले. मग आणखी वीस काढले, कोळीगीतांचे, आणि दहा रशियनचे. मग थोडा वेळ काकूंकडे न बघता उभे राहिले आणि आणखी वीस काढले. "ते पहिले लावलं होतं ना. ज्याच्यात काही लागत नाही ते. तेही ठेवा."

काकू आत गेल्या.

सुई कशी बदलायची ते मी त्यांना दाखवलं, जास्तीची एक सुई दिली, आणि रशियन तबकडीला वेगाचा खटका कुठे ठेवायचा तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. निघताना काका म्हणाले, पावती. चौतीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, मला हसू आलं नाही. वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: फिएस्टा एक, सुई जास्तीची एक, तबकड्या तीन. रुपये तीनशे पन्नास रोख पोचले. खाली सही केली, हुद्दा घातला, तारीख टाकली. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली, आणि टेबलाच्या खणात, त्या यंत्राच्या डबीखाली ठेवून दिलं.